गार्सिया द ओर्ता आणि वेलदोडा

श्रीखंड असो, बासुंदी असो की सणासुदीचे लाडू असोत, शेवटी वेलदोड्याची पूड घातल्यावाचून आपल्याकडे गृहिणीचे समाधान होत नाही. कोल्हापूर भागात वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटतात, तेव्हा तीत दुसराच एक वेलदोडा पडतो. तो काळपट, सुरकुतलेला आणि आकाराने चांगलाच मोठा असतो. त्याला धुराचा किंचित वास येतो. एक हिरवा व नाजूक, तर दुसरा काळा व दणकट. तरी दोघांनाही लोक वेलदोडाच म्हणतात. हे दोघे एकाच झाडाचे लहानमोठे फळ आहेत, की केवळ नावाने एक झालेले परके आहेत? ही शंका स्वयंपाकघरात सहसा कोणाला येत नाही. परंतु औषध देणाऱ्या वैद्याचे तसे नसते. नाव एक आणि वस्तू दोन झाल्या, तर त्याच्या रोग्याच्या जिवावर बेतते. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात राहणाऱ्या एका परदेशी वैद्याने हाच नावांचा गुंता सोडविण्यासाठी आपले निम्मे आयुष्य वेचले. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सरहद्दीजवळ आहे. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते पोर्तुगालात आश्रयाला आले. पण तेथेही त्यांच्या नशिबी स्वस्थता नव्हती. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने सर्व यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करून घेतले. अशा लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव बदलले, धर्म बदलला, तरी शेजाऱ्यांच्या डोळ्यांतला संशय काही गेला नाही. शनिवारी कोणाच्या घरची चूल थंड असते, कोण कोणते मांस खात नाही, याकडे लोकांचे बारीक लक्ष असे. अशा घरात गार्सिया लहानाचा मोठा झाला.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. त्याला स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत शिकावयास पाठविले. तेथे त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला. त्या काळचे वैद्यक म्हणजे मुख्यतः जुन्या ग्रंथांचे पठण. डायोस्कोरिडीस, गेलन आणि प्लिनी हे ग्रीक व रोमन पंडित हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जे लिहून गेले, तेच प्रमाण. त्यांच्या खालोखाल अव्हिसेना आदी मुसलमान वैद्यांचा मान. मिरी, दालचिनी, सुंठ, वेलदोडा ही द्रव्ये युरोपातील वैद्य रोज वापरीत. पण ती ज्या झाडांवर येतात ती झाडे त्यांच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. कोणी मिरीचे झाड एक सांगे, कोणी दुसरेच. विद्यार्थ्याने शंका काढली, तर गेलनचे वाक्य दाखवून त्याला गप्प बसवीत.

शिक्षण संपवून ओर्ता मायदेशी परतला, काही वर्षे त्याने वैद्यकी केली आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात तो शिकवूही लागला. मानाची जागा मिळाली होती. तरीही १५३४ च्या मार्च महिन्यात तो मार्तिम आफोन्सो द सौझा या दर्यासारंगाबरोबर, त्याचा वैद्य म्हणून, हिंदुस्थानास निघाला. त्या वेळी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, स्थापन करण्याच्या हालचाली चालू होत्या. दोनच वर्षांनी, १५३६ साली, ते स्थापनही झाले. नव्या ख्रिस्त्यांच्या घरांत त्याची धास्ती किती होती हे सांगावयास नको. त्याचबरोबर ज्या देशात ती सारी औषधी द्रव्ये पिकतात, तो देश डोळ्यांनी पाहण्याची ओढही त्याला होती. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून सप्टेंबरात त्याचे जहाज गोव्याला लागले.

गोवा पोर्तुगीजांच्या हाती येऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. घाटमाथ्यावर आदिलशहाचे राज्य होते; पन्हाळा, मिरज, बेळगाव ही ठाणी त्याच्याकडे होती. त्याच्या उत्तरेला अहमदनगरची निजामशाही. मांडवीच्या काठावरील गोव्याच्या बाजारात अरब, इराणी, गुजराती, मलबारी, चिनी अशा नाना देशांच्या मालाची आणि माणसांची गर्दी असे. पहिली काही वर्षे ओर्ता सौझाबरोबर दीव, काठेवाड, मलबार असा किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडला. पुढे सौझा पोर्तुगालला परत गेला, पण ओर्ता गेला नाही. १५३८ च्या सुमारास त्याने गोव्यातच घर केले, औषधी झाडांची बाग लावली आणि पुढील तीस वर्षे तेथेच वैद्यकी केली.

त्याच्या हाताला गुण होता. पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय त्याचे औषध घेत. आणि घाट चढून अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही तो जाई. हा सुलतान जिज्ञासू होता. तो ओर्ताला रोगांची व औषधांची अरबी नावे सांगे आणि ओर्ता त्याला त्यांची लॅटिन नावे शिकवी. वैद्य आणि रोगी यांचे असे गुरुशिष्याचे नाते, तेही आलटून पालटून, क्वचितच पाहावयास मिळते. पोर्तुगीज सरकारने ओर्ताला मुंबईचे बेटही खंडाने दिले होते. आज जेथे कोट्यवधी माणसे राहतात, ते बेट त्या वेळी नारळीची राई, भातखाचरे आणि कोळ्यांच्या झोपड्या एवढेच होते. तेथील आपल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता, याचे ओर्ताला मोठे कौतुक. वसईजवळची कान्हेरीची लेणी आणि घारापुरीची लेणीही त्याने पाहिली व त्यांचे वर्णन लिहून ठेवले.

ओर्ताची चौकशी करण्याची रीत अगदी साधी होती. एखादे द्रव्य हाती आले की ते कोठून येते, तेथले लोक त्याला काय म्हणतात, ते कशासाठी वापरतात, हे तो विचारी. कोणाला विचारावयाचे याचा विधिनिषेध त्याने बाळगला नाही. गुजराती वाणी, अरबी हकीम, मलबारचे खलाशी, गोव्यातील हिंदू वैद्य, जोगी, दासी या सर्वांकडून त्याने माहिती घेतली. दोन व्यापाऱ्यांचे सांगणे जुळले नाही, तर तिसऱ्याला गाठी. एका घोड्याला वाताचा विकार जडला असता हिंगाने तो कसा बरा झाला, धोत्र्याचे बी खाऊ घालून चोर घरच्या माणसांना कसे बेशुद्ध करतात, अशा हकिकती त्याच्या पुस्तकात जागोजाग आहेत. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपल्याकडील मोडशी हा शब्द त्याने त्या रोगाचे देशी नाव म्हणून नोंदविला आहे.

हे सर्व त्याने ज्या पुस्तकात घातले, ते हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद या अर्थाच्या नावाने १५६३ च्या एप्रिल महिन्यात गोव्यात छापून निघाले. हिंदुस्थानात पहिला छापखाना गोव्यालाच १५५६ साली आला; तेव्हा त्याला अवघी सात वर्षे झाली होती. जुळारी फारसे कसबी नसावेत, कारण पुस्तक चुकांनी इतके भरले आहे की मागे कित्येक पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले. पंडितांनी लॅटिनमध्ये लिहावे असा तेव्हाचा प्रघात होता. ओर्ताने मात्र पोर्तुगीज भाषा निवडली. व्यापारी आणि खलाशी यांनाही ते वाचता यावे, हा त्याचा हेतू. पुस्तकाच्या आरंभी कामोइश या कवीची एक कविता आहे. हाच कामोइश पुढे पोर्तुगालचा महाकवी झाला. त्याची छापली गेलेली ही पहिली कविता.

पुस्तकात दोघे जण बोलतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा रुआनो नावाचा वैद्य. तो सालामांकाहून नुकताच गोव्यास आला आहे अशी कल्पना आहे. रुआनो प्रत्येक गोष्टीत जुन्या ग्रंथांचा आधार काढतो आणि ओर्ता त्याला समोरची वस्तू दाखवितो. मध्येच दासीला हाक मारून एखादे मूळ किंवा फळ आणवितो. रुआनो हा खरा माणूस नव्हे. ओर्ता विद्यार्थी असताना जसा होता, तसा त्याने रुआनो उभा केला आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही ओर्ता एके ठिकाणी देतो.

या संवादांतील एक संवाद वेलदोड्यावर आहे. ग्रीक पंडितांनी कार्दामोमोन नावाच्या एका सुगंधी द्रव्याचे वर्णन केले होते. पुढे अरब वैद्यांनी ककुल्ला या नावाने थोरला व धाकटा अशा दोन वेलदोड्यांविषयी लिहिले. युरोपातील भाषांतरकारांनी अरबी ककुल्लाच्या जागी ग्रीक नाव बसविले आणि दोन्ही वर्णने एकमेकांत मिसळून टाकली. परिणामी औषध कुटणारा गांधी एक वस्तू देई आणि वैद्याच्या मनात दुसरीच असे. ओर्ताने प्रथम नावे गोळा केली. मलबारी लोक याला काय म्हणतात, सिंहलद्वीपात एन्साल हे नाव कसे आहे, गुजरात-दख्खनकडील मुसलमान हील कसे म्हणतात, हे त्याने लिहून घेतले. मग ग्रीकांच्या वर्णनाशी प्रत्यक्ष फळ ताडून पाहिले. ते जुळेना. तेव्हा मलबारच्या किनाऱ्यावर कालिकतपासून कण्णूरपर्यंतच्या प्रदेशातून येणारा हा वेलदोडा जुन्या ग्रीकांना ठाऊकच नव्हता, असा निर्णय त्याने दिला. रुआनोला तो सहजी पटत नाही. सिंहलद्वीपातील वेलदोडा आकाराने मोठा पण वासाने कमी, हेही ओर्ताने सांगितले आहे.

येथे त्याची एक चूकही सांगितली पाहिजे. वेलदोड्याचे रोप त्याने भाजीपाल्यासारखे पेरले जाणारे, जेमतेम हातभर उंचीचे मानले. वास्तविक ते माणसाच्या डोक्यावर जाते, कधी त्याच्या दुप्पटही उंच होते. ते दक्षिण सह्याद्रीच्या दाट, ओलसर, सदाहरित रानात, उंच झाडांच्या सावलीत वाढते. ओर्ताने फळे पाहिली होती, बाजार पाहिला होता. परंतु ते डोंगरातले रान काही त्याने पाहिले नसावे. जो माणूस इतरांना डोळ्यांनी पाहा म्हणून सांगत होता, त्यानेच येथे ऐकीव माहितीवर भरवसा ठेवला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ओर्ताच्या पुस्तकात सुंठ-आले आहे, हळद आहे, कुलिंजन आहे, कचोरा आहे. परंतु संवाद पोर्तुगीज वा लॅटिन नावांच्या वर्णक्रमाने लावलेले असल्यामुळे ही सारी द्रव्ये पुस्तकभर विखुरलेली आहेत. ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे त्यावरून कळत नाही. वनस्पतींची कुळे लावण्याचे शास्त्र तेव्हा जन्मालाच आले नव्हते.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, ते इन्क्विझिशनच्या न्यायाधीशाने तपासले असल्याची नोंद छापलेली आहे. गोव्यात ते न्यायालय १५६० साली स्थापन झाले होते. ज्याला भिऊन माणूस अर्ध्या जगाचा वळसा घालून आला, तेच त्याच्या दाराशी येऊन उभे राहावे, असे झाले. त्यापूर्वीच ओर्ताची आई आणि बहिणी लिस्बनमध्ये तुरुंगवास भोगून १५४९ साली गोव्यास त्याच्याकडे आल्या होत्या. मोठमोठे अधिकारी त्याचे स्नेही असल्याने तो जिवंत असेतो कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. त्यानेही सावधगिरी बाळगली. इतक्या मोठ्या पुस्तकात आपल्या घराण्याच्या मूळ धर्माविषयी त्याने चकार शब्द काढलेला नाही.

१५६८ साली ओर्ता गोव्यात मरण पावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. ती गुप्तपणे यहुदी धर्म पाळते, असा तिच्यावर आरोप होता. २५ ऑक्टोबर १५६९ या दिवशी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. तिच्या चौकशीत भावाचेही नाव निघाले. मेलेल्या माणसावर खटला भरण्याची त्या न्यायालयाची रीत होती. तो भरला गेला आणि ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्याने तीस वर्षे गोव्याच्या रोग्यांची नाडी पाहिली, त्याचे थडगेसुद्धा गोव्यात राहिले नाही.

पुस्तकाचे नशीब मात्र निराळे निघाले. फ्लँडर्समधील क्लुसियस या वनस्पतिज्ञाला १५६४ साली लिस्बनमध्ये त्याची एक प्रत मिळाली. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर आटोपशीर केला, चित्रे घातली आणि १५६७ साली अँटवर्प येथे तो लॅटिनमध्ये छापला. रुआनोची गमतीदार हुज्जत त्यात नाहीशी झाली हे खरे. पण सारा युरोप ते पुस्तक वाचू लागला. लेखकाची हाडे जळत होती, त्या वेळी त्याचे शब्द युरोपातील वैद्यांच्या टेबलांवर उघडे पडलेले होते.

ओर्ताने अर्धवट सोडलेले वेलदोड्याचे काम पुढे अनेकांनी हाती घेतले. कोचीनचा डच अंमलदार व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा सचित्र ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट हे तीन कोकणी बोलणारे ब्राह्मण वैद्य होते. या तिघांचे कोकणी भाषेतील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. वेलदोडा अकराव्या खंडात एलेत्तारी या मलबारी नावाने आला आणि त्याचे संपूर्ण रोप मोठ्या चित्रात युरोपियनांसमोर उभे राहिले.

त्यानंतर स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींची वर्गवारी लावताना फुलांतील पुंकेसर मोजण्याची युक्ती काढली. आले, हळद, वेलदोडा यांच्या फुलांत पुंकेसर एकच असतो. म्हणून ही सारी त्याच्या पहिल्याच वर्गात एकत्र आली. ओर्ताच्या पुस्तकात विखुरलेली भावंडे अशी एका घरात आली. त्यांची खूण ज्याला पाहावयाची असेल, त्याने गौरी-गणपतीच्या दिवसांत सोनटक्क्याचे फूल हाती घ्यावे. सोनटक्का हाही त्याच कुळातला. त्याच्या ज्या रुंद, शुभ्र पाकळ्या दिसतात, त्या खऱ्या पाकळ्या नव्हतच. खऱ्या पाकळ्या बारीक फितींसारख्या खाली लोंबत असतात. मूळच्या सहा पुंकेसरांपैकी एकच पराग देतो, एक लुप्त झालेला असतो, आणि बाकीच्या चारांनी पाकळ्यांचे रूप घेतलेले असते. त्या एकुलत्या एक पुंकेसराला चिकटून स्त्रीकेसराचा धागा वर गेलेला दिसतो. वेलदोड्याच्या फुलात अशा दोन पुंकेसरांचा मिळून एक पांढरा ओठ बनतो आणि त्यावर जांभळ्या रेषा असतात. त्या मधमाशीला वाट दाखवितात. ही फुले पानांच्या शेंड्याला येत नाहीत. जमिनीतील गड्ड्यापासून वेगळे तुरे निघून ते मातीलगत पसरतात व त्यांनाच वेलदोडे लागतात. वर जो उंच बुंधा दिसतो, तो केळीप्रमाणे पानांच्या देठांनी एकमेकांना गुंडाळून केलेला असतो.

लिनियसने १७५३ साली वेलदोड्याला अमोमम या गणात घातले होते. १८११ साली मेटन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला तेथून काढून स्वतंत्र गण दिला आणि त्या गणाला व्हान रेडच्या ग्रंथातील मलबारी नावावरून एलेट्टेरिया हे नाव ठेवले. त्या नावाच्या जोडीला कार्डामोमम हे जुने ग्रीक नावही राहिलेच. ओर्ताने ज्या नावावर हरकत घेतली होती, ते असे शास्त्राच्या वहीत कायमचे जाऊन बसले. सिंहलद्वीपातील मोठा वेलदोडा आज निराळी जाती मानला जातो, आणि तिच्या शास्त्रीय नावात ओर्ताने टिपलेला एन्साल हा शब्द आहे. चटणीत पडणारा काळा वेलदोडा मात्र सिक्कीमकडील हिमालयाच्या उतारावर पिकतो. त्याचे नाव अमोमम सुब्युलेटम. तेव्हा हिरवा आणि काळा हे सख्खे भाऊ नव्हेत. एकाच आल्याच्या कुळातले, पण वेगवेगळ्या गणांतले, म्हणजे चुलत भाऊ म्हणावेत.

पणजी शहरात चर्चसमोरच्या चौकाजवळ नगरपालिकेचे एक जुने उद्यान आहे. त्याला गार्सिया द ओर्ता याचे नाव दिलेले आहे.